हाकेचा जामीन

माणसाला आपल्या म्हणण्याप्रमाणे वागायला लावायचे इंग्रजीत किती शब्द आहेत, ते मला आजही पाठ आहेत. इन्फ्लुअन्स, पर्स्वेड, इन्ड्यूस, प्रिव्हेल अपॉन, इन्स्टिगेट, कम्पेल, कोअर्स. हायस्कुलातले आमचे इंग्रजीचे मास्तर शब्द असे गटागटाने लिहून घेत. नात्यागोत्याचे एका पानावर, दुखण्यांचे दुसऱ्यावर आणि हे तिसऱ्यावर. पहिली दोन पानं मी विसरलो. हे तिसरं विसरता येत नाही, कारण त्यातला एक शब्द मी माझ्या आत्यासाठी वापरला, तिची स्तुती म्हणून वापरला, आणि त्या शब्दाने तिचं तोंड बंद झालं. शब्दांवर रागावून काय मिळणार, असं मला शहाणी माणसं सांगतात. त्यांचं चालू द्या. मला राग येतो, आणि त्यातला निम्मा माझा मलाच येतो.

आमचं गाव उरणच्या बाजूला, खाडीकाठी. घरं उंचावर, त्यांच्या खाली भातशेती आणि शेतीच्या पलीकडे खाडी. मध्ये फक्त मातीचा एक लांबलचक बांध. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरतीचं पाणी शेतापेक्षा वर चढायचं, म्हणजे आम्ही दोन वेळा जेवत होतो ते त्या बांधाच्या जिवावर. बांधाच्या एका टोकाला मिठागर होतं. मिठागराचा बांध आमच्या बांधाला जिथे येऊन मिळे, तिथे उघाडी होती, म्हणजे पावसाचं पाणी खाडीत सोडायचा लाकडी दरवाजा. उघाडी मिठागराच्या मालकांची, ती दुरुस्त ठेवायची जबाबदारीही त्यांचीच. मालक मुंबईत राहत. वर्षातून एकदा छत्री धरून बांधावरून फिरत आणि परत जात. उघाडीच्या फळ्या कुजून गेल्या होत्या आणि तिथूनच पाणी दोन्हीकडचा बांध आतून पोखरत होतं.

बांध फुटला की आम्ही त्याला खांड पडली असं म्हणतो. खांड ओहोटीत बुजवावी लागते, पुढची भरती चढायच्या आत. हातात जेमतेम सहा तास. मेढी ठोकायच्या, पेंढ्याचे भारे दाबायचे, त्यावर चिखलाचे गोळे हातोहात आणून थापायचे. घरटी सगळी धडधाकट माणसं लागत. पण सगळी एकदम धावली तर त्यांच्याच पायांनी बांध आणखी खचायचा. म्हणून हाक असे. एक माणूस खांडीत उभा राहून एकेका घराला हाक मारी आणि ज्या क्रमाने हाक पडेल त्या क्रमाने माणसं उतरत. हाक आल्याशिवाय कोणी बांधावर पाऊल ठेवत नसे. हाक मारणाऱ्याला नियम एकच होता, पण कडक: पहिला चिखल त्याचा. आधी आपण कमरेइतक्या पाण्यात उतरायचं, पहिला गोळा आपल्या हाताने घालायचा, मग तोंड उघडायचं. कोरड्या पायांनी मारलेली हाक आमच्या गावात कोणी ऐकली नसती, मग ती मारणारा कितीही मोठा असो.

माझ्या आजोबांच्या मागे ही हाक आत्याकडे आली. आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. चौलकडे दिलेली, तरुणपणीच नवरा वारला तशी माहेरी परत आलेली. तिच्या नावावर ना गुंठाभर जमीन, ना गावकीत बसायला जागा. लग्नकार्यात ती आपणहून मागे उभी राही. पण पाणी बांधाला कुठल्या अंगाने खातंय ते तिला लांबून दिसे, आणि उतरायची वेळ आली की ती कधी मागे पाहत नसे. आवाज काही फार मोठा नव्हता. तरी ती हाक आली की जेवता माणूस हात धुऊन निघायचा.

मला इंग्रजी शाळेत घातलं तेही तिनेच. बाप नाही म्हणत होता. मिठागरावर काम करायला इंग्रजी कशाला लागतं, असं त्याचं म्हणणं. आत्या म्हणाली, "गावात एक तरी मानूस कागद वाचनारा पायजे. नायतर आपला अंगठा कशावर लागतो तो आपल्यालाच कलायचा न्हाय." तेवढ्यावर बाप कबूल झाला. तर असा मी आमच्या गावातला पहिला मॅट्रिक, आणि विसाचं दशक निम्मं सरलं तेव्हा तालुक्याच्या कचेरीत कारकून.

कचेरीत ते तिसरं पान मला रोज भेटू लागलं. तिथे गेल्यावर कळलं की हे शब्द एका अर्थाचे असले तरी ते ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणे वाटलेले आहेत. मालक लोकांच्या बाबतीत अहवालात इन्फ्लुअन्स लिहायचा. अमुक गृहस्थांचा आपल्या भागात चांगला इन्फ्लुअन्स आहे, त्यांना दरबारात खुर्ची द्यावी. साहेबांच्या बाबतीत पर्स्वेड. साहेबांचा दौरा निघाला की पट्टेवाला आदल्या दिवशी जाऊन कोणाच्याही दावणीचे बैल सोडून आणी. ज्याचे बैल तो गयावया करी, पेरणीचा वाफसा निघून चाललाय म्हणे, आणि पट्टेवाला त्याला ढकलून देई. दौऱ्याच्या टिपणात मी लिहीत असे की गावकऱ्यांना गाड्या देण्याबद्दल पर्स्वेड करण्यात आलं. आणि त्याच गावकऱ्याने शेजाऱ्याला म्हटलं की बाबा, तू गाडी देऊ नकोस, तर तो इन्स्टिगेट करत असे. मला हे तेव्हा खटकत नव्हतं. खटकत नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो. उलट कुठे कुठला शब्द बसतो हे मला चटकन कळतं म्हणून साहेब खूश असत आणि साहेब खूश असले की मी घरी येताना ताठ चालत असे.

त्या ताठ्यातच मी तो अर्ज लिहिला. उघाडीच्या फळ्यांतून आता हात जाईल एवढी भोकं पडली होती. गावाने ठरवलं की सरकारला अर्ज करायचा: मालकांनी लाकूड द्यावं, मेहनत आम्ही करू. आत्याने मला समोर बसवून मजकूर सांगितला. तो एवढाच होता. पण मला इंग्रजी येत होतं ना. दोन ओळींचा अर्ज इंग्रजीत कसा शोभणार. मी तो दीड पान केला. मेहनत आम्ही करू, यावर साहेबांचा विश्वास बसावा म्हणून मी एक परिच्छेद आपल्या पदरचा घातला: या गावात एक वृद्ध स्त्री आहे, संपूर्ण गाव तिच्या इन्फ्लुअन्सखाली आहे, तिची आज्ञा झाली की एकही माणूस घरी राहत नाही. लिहून झाल्यावर मी ते वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं. आत्या चुलीपुढे होती. तिला कळलं काहीच नाही, पण माझ्या तोंडून इंग्रजी ऐकताना ती हसत होती.

लाकूड आलं नाही. अर्जावर काहीतरी शेरा पडला आणि तो दप्तरात गेला. पुढे बरीच वर्षं तो तिथे पडून होता आणि मीही तो विसरून गेलो.

मग एका भादव्यात अमावास्येच्या उधाणाला मिठागराच्या बांधाला खांड पडली. आमचा बांध वाचला. आत्तापर्यंत मिठागराची खांडही आमचंच गाव बुजवत आलं होतं. मोसमात तिथे आमचीच माणसं राबत, तेव्हा शेजारधर्म म्हणून आत्या तिथेही उतरायची आणि हाक मारायची. त्या दिवशी मी घरीच होतो. मालकांचा मुकादम छत्री घेऊन आमच्या ओटीवर आला. मालक योगायोगाने मुंबईहून आलेले होते आणि मिठागराच्या बंगलीत बसलेले होते. मुकादम म्हणाला, "बाई, हाक मार. मालक खोळंबलेत."

आत्या बोंबील वाळत घालत होती. ती म्हणाली, "उघाडीला लाकूड मागून आमची तोंडा दुखली. आता मालक आलेच हायेत तर पयला चिखल त्यांचा असूं दे. ते उतरले की त्यांच्या मागनं मी उतरते, आनि हाक पन मारते."

मुकादमाला वाटलं ती थट्टा करते आहे. ती थट्टा करत नव्हती. तिच्या दृष्टीने हे सरळ होतं. खांड मालकांच्या आळसाने पडली, मग पहिला गोळा त्यांचा. मुकादम निघून गेला. आत्या बोंबलांकडे वळली. ती ओटीवरून उठली नाही, कोणाकडे गेली नाही, कोणाशी बोलली नाही. मालक पाण्यात उतरले नाहीत, हे सांगायला नकोच. हाक पडली नाही म्हणून गावही उतरलं नाही. संध्याकाळपर्यंत मिठागरात गाळ भरला.

आठ दिवसांत कचेरीत तक्रार आली. त्या सुमारास मिठाची चळवळ होऊन फार दिवस झाले नव्हते. मीठ आणि जमाव हे दोन शब्द एका कागदावर आले की कचेरीला घाम फुटत असे. इथे तर जमावही नव्हता. लोक आपापल्या घरी बसले होते. तरी आत्यावर चौकशी लागली, की ही बाई लोकांना चिथावते, तिच्याकडून शांतता राखण्याचा मुचलका का घेऊ नये. साहेब आपलेच, मराठी माणूस. पण आमची आगरी बोली त्यांना नीट कळत नसे, म्हणून साक्षी इंग्रजीत उतरवायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हणालो, ती माझी आत्या आहे. ते म्हणाले, मग तर तुम्हाला जास्तच चांगलं कळेल.

साक्षीला आमच्या गावची माणसं एकामागून एक उभी राहिली. साहेब विचारत, बाईने तुम्हाला काय सांगितलं. प्रत्येकजण म्हणे, "काय सांगितला न्हाय." मग तुम्ही का गेला नाहीत. "हाक न्हाय आली." तिने जाऊ नका असं सांगितलं का. "न्हाय जी. ती बोललीच न्हाय." साहेबांच्या कपाळाची आठी वाढत चालली. काहीच न बोलता एका म्हाताऱ्या बाईने गाव घरी बसवलं, हे त्यांना पटेना, आणि बोलली असं कोणी म्हणेना. मला वाटलं, सुटली.

तेव्हा मालकांच्या वकिलाने दप्तरातून काढलेला एक कागद साहेबांपुढे ठेवला. मी तो लांबूनच ओळखला, कारण अक्षर माझं होतं. वकिलाने माझं वाक्य खड्या आवाजात वाचलं. संपूर्ण गाव तिच्या इन्फ्लुअन्सखाली आहे. तिची आज्ञा झाली की एकही माणूस घरी राहत नाही. मग तो म्हणाला, जिच्या आज्ञेने गाव बाहेर पडतं, तिच्या गप्प बसण्याने गाव घरी राहतं, यात न समजण्यासारखं काय आहे. साहेबांनी मला विचारलं, हे तुम्ही लिहिलंय? मी म्हणालो, हो. खरं आहे का? आता काय सांगणार. खरं म्हटलं तर ती अडकते, खोटं म्हटलं तर मी सरकारी कागदात खोटं लिहिलं असं होतं आणि माझी नोकरी जाते. मी म्हणालो, खरं आहे. आणि ती साक्षही मीच माझ्या हाताने उतरवली.

आत्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. तिला इतकंच कळलं की कुठल्याशा कागदावरून सगळ्यांचे चेहरे बदलले आणि माझी मान खाली गेली.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली तेव्हा कचेरीच्या पायऱ्यांवर तिने मला विचारलं, "त्या कागदात काय लिवला होतास?"

मी सांगितलं. जमेल तितकं गोड करून सांगितलं. म्हटलं, तुझी स्तुती केली होती, गाव तुझं ऐकतं असं लिहिलं होतं.

"स्तुती कनाला?" ती म्हणाली. "आपल्याला लाकूड पायजे होता."

मग ती म्हणाली, "आनि ती काय माझा ऐकत होती काय रे बाला? मी पान्यात उतरते म्हनून ती उतरतात. उद्या मी कोरडी उभी र्‍हायली तर कुत्रा पन येयाचा न्हाय. हा लिवला का न्हाईस?"

का नाही लिहिलं. तिसऱ्या पानावरचे सगळे शब्द वरून खाली ढकलणाऱ्याचे होते. कोणी समजावून ढकलतो, कोणी धमकावून ढकलतो, एवढाच फरक. आधी स्वतः चिखलात उतरणाऱ्यासाठी इंग्रजीत शब्द नसेल असं मी म्हणत नाही. असेलच. मी तो शोधला नाही, कारण माझ्या कानाला इन्फ्लुअन्स छान लागत होता.

निकाल झाला की आत्याने एक वर्षाचा मुचलका लिहून द्यावा. बांधावर किंवा अन्यत्र, आवाजाने किंवा खुणेने, लोकांना जमवणार नाही, कामाला लावणार नाही, कामावरून थांबवणार नाही. नाहीतर तुरुंग. आत्या म्हणाली, तुरुंगात जाते. अगदी सहज म्हणाली, बाजाराला जाते म्हणावं तशी. "खांड पडली तर हाक मारनारच मी. ती काय मालकाची खांड हाय का, ती शेताची हाय. मंग अंगठा कनाला देव?"

आणि इथे मी काय केलं ते ऐका. मी तिला समजावलं. दोन दिवस समजावलं. म्हटलं, तू तुरुंगात गेलीस तर मला कचेरीत ठेवतील का. घरात दोन लहान मुलं आहेत. एक वर्ष काय, बघता बघता जाईल, खांड काही दरवर्षी पडत नाही. बापालाही मध्ये घातलं. शेवटी डोळ्यांत पाणी आणलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. तिसऱ्या पानावर याला प्रिव्हेल अपॉन म्हणतात. बरोबर त्याच शब्दाचं काम मी घरात बसून केलं. ती म्हणाली, "तुला शिकवला तो मीच." मग तिने अंगठा दिला.

मुचलक्याला जामीन हवा होता. साहेबांनी माझ्याकडे बघून सांगितलं, तुम्हीच राहा. तुमच्यासारखा वजनदार माणूस असला म्हणजे आम्हाला काळजी नाही. ते हसले, म्हणून शिरस्तेदार हसले, म्हणून मीही हसलो. अट अशी, की आत्याने हाक मारली तर ती तुरुंगात आणि माझी नोकरी गेली. कागदाखाली एका बाजूला तिचा अंगठा, दुसऱ्या बाजूला माझी वळणदार सही. सही करताना मला वाटलं, चला, एकदाचं मिटलं.

ते वर्ष पुरं व्हायच्या आत, पुढच्या आश्विनात, कोजागिरीच्या उधाणाला आमच्या बांधाला खांड पडली. उघाडीच्या शेजारी, जिथे पडणार हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत होतं. शेतात राता उभा होता. राता म्हणजे खाऱ्या जमिनीत येणारं आमचं तांबडं भात. दाणा भरत आलेला. थोडंफार खारं पाणी तो सोसतो, पण दोन-चार भरत्या त्याच्यावर उभ्या राहिल्या तर संपलं. दसऱ्याला जोडून मी रजा घेतली होती, म्हणून घरी होतो. सकाळी ओहोटी लागल्यावर खांड दिसली. दुपारच्या भरतीच्या आत ती बुजायला हवी होती.

मी बांधावर पोचलो तेव्हा आत्या कमरेइतक्या पाण्यात होती. नियमाप्रमाणे पहिला गोळा तिने घातला होता. मग दुसरा घातला. मग तिसरा. हाक मारत नव्हती. वर न बघता खाली वाकून चिखल उचलत होती, थापत होती, आणि थापलेला वाहून जात होता.

मी मागे वळून गावाकडे पाहिलं. प्रत्येक दारात माणसं उभी होती. बायका, पुरुष, हातात फावडी, घमेली, बगलेत पेंढ्याचे भारे. सगळी तयार. कोणी एकही पायरी उतरत नव्हतं. तिकडे कचेरीच्या हुकुमावरून पोलीस पाटील बांधाच्या टोकाला येऊन बसला होता. त्याचाही जीव खालीवर होत होता, त्याचंही शेत त्याच बांधाच्या आत होतं. पण तो बसला होता. लोक का येत नाहीत, हे मला आधी कळेना. हाकेचा नियम होता हे खरं. पण भात डोळ्यांसमोर बुडताना नियम कोण धरून बसतं. मला ते नंतर कळलं. आपण बांधावर गेलो तर म्हातारीनेच बोलावलं असं लिहितील आणि तिला नेतील, म्हणून ती माणसं उंबऱ्यात पाय रोवून उभी होती. शेजारचा गडी दोनदा धावायला निघाला आणि दोनदा त्याच्या बायकोने त्याला मागे ओढलं. आत्याला वाचवायला ती माणसं आपला भात बुडू देत होती, आणि आत्या त्यांचा भात वाचवायला एकटी चिखल उपसत होती. माझ्या सहीने एवढं काम केलं होतं.

मी बांधावरून म्हणालो, "आत्या, हाक मार."

तिने मान वर केली. धापा टाकत होती. म्हणाली, "जामीन कोन हाय?"

"मी."

"मंग तू बोल. मारू?"

तिने परवानगी मागितली. जिने कोणाला विचारून कधी पाय भिजवला नाही, तिने मला विचारलं, कारण माझी भाकरी त्या कागदात अडकली होती आणि तिला ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मला फक्त मार म्हणायचं होतं. एवढा एक शब्द तोंडातून निघाला असता तर सगळं गाव खाली आलं असतं. माझ्या डोळ्यांसमोर कचेरीतली माझी खुर्ची आली, मुलं आली, महिन्याचा पगार आला. मी गप्प राहिलो. तिने मोजून थोडा वेळ वाट पाहिली आणि पुन्हा वाकली.

नंतर मी बूट काढले आणि उतरलो. हे सांगताना मला लाज वाटते, कारण ऐकणाऱ्याला वाटतं, चला, उतरला तरी. दोन माणसांनी खांड बुजत नाही. मला तर चिखल नीट उचलताही येत नव्हता, गोळा हातातच फुटत होता. पाणी वळलं. आधी गुडघ्याशी ओढ बदलली, मग भरती चढू लागली. छातीला पाणी लागलं तेव्हा आत्याने माझं मनगट धरून मला वर काढलं. आम्ही बांधावर उभे राहून बघत होतो. पाणी आवाज न करता भाताच्या ओळींमधून आत गेलं, पार घरांच्या खालच्या दगडापर्यंत. दारातली माणसं हातातली फावडी खाली ठेवू लागली.

घरी येऊन आत्याने हातपाय धुतले आणि भात शिजत घातला. पुढच्या भरत्यांनी खांड इतकी रुंदावली की त्या मोसमात ती बुजलीच नाही. खारं पाणी मुरलेल्या जमिनीत पुढली दोन-तीन वर्षं काही नीट आलं नाही. बरीचशी तरणी माणसं भाऊच्या धक्क्याला उतरून मुंबईत गोदीत कामाला लागली. मुचलक्याची मुदत संपली तेव्हा मी मोठ्या आशेने आत्याला जाऊन सांगितलं, की आता तू मोकळी आहेस. ती म्हणाली, "ज्यांना हाक मारायची ती सगली गेली मुंबईला." त्यानंतर ती बांधावर गेली नाही.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. रजा संपवून मी कचेरीत गेलो, तेव्हा साहेबांचा वार्षिक अहवाल तयार होता. माझं अक्षर चांगलं म्हणून स्वच्छ प्रत करायला तो माझ्याकडे आला. त्यात आमच्या गावाबद्दल एक परिच्छेद होता. खाडीकाठच्या या गावात गेल्या वर्षी काही चळवळ्या प्रवृत्तींनी डोकं वर काढलं होतं. वेळीच मुचलका घेतल्याने यंदा बांध फुटूनही गावात कसलाही जमाव झाला नाही, लोक शांतपणे आपापल्या घरी राहिले. यावरून त्या भागात कचेरीचा इन्फ्लुअन्स पुन्हा बसला असल्याचं दिसून येतं.

मी परिच्छेद दोनदा वाचला. माझ्या हातापायांवरच्या चिखलाच्या भेगा अजून भरल्या नव्हत्या. वाटलं, दौत उचलून त्या कागदावर ओतावी. वाटलं, उठून सांगावं की साहेब, ते घरी राहिले ते तुमच्यामुळे नव्हे, तिच्यासाठी राहिले. वाटलं बरंच काही. मग मी टाक बुडवला आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं, एक खाडाखोड न करता. साहेबांनी सही करताना माझ्या अक्षराचं कौतुक केलं. मी थँक यू सर म्हणालो.